जालन्यात पेट्रोल कुठं भरावं?

पर्यावरणाची काळजी असलेल्या माणसानं जालन्यात कुठल्या कंपनीचं पेट्रोल भरावं? मला विचाराल तर, वाटेत लागेल त्या! भारत पेट्रोलियम म्हणजे जुनी बर्मा शेल, हिंदुस्तान पेट्रोलियम म्हणजे एस्सो. सत्तरच्या दशकात दोन्ही सरकारी झाल्या. पाट्या वेगळ्या, पण या कंपन्या एकमेकींच्या डेपोतून सर्रास माल उचलतात.

पंप निवडण्याला खरा अर्थ होता तो १९९५ साली, आणि तोही मुंबईत. इंजिनात नॉकिंग होऊ नये म्हणून तेव्हा पेट्रोलमध्ये शिसं घालायचे. धुरातून ते लहान मुलांच्या रक्तात जायचं, थेट मेंदूवर परिणाम. एम. सी. मेहतांच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टानं आदेश दिले आणि १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांतल्या ठरावीक पंपांवर बिनशिशाचं पेट्रोल आलं. देशभर शिसं बंद व्हायला मात्र १ फेब्रुवारी २००० उजाडलं. मधल्या पाच वर्षांत जालन्यातल्या पोरांनी कुठला पंप निवडायचा होता? असो.

बीएस-६ च्या वेळी तसं झालं नाही. दिल्लीला ते आधी मिळालं, पण मुंबई आणि जालन्याला तारीख एकच, १ एप्रिल २०२०. गंधक दहा लाखांत जेमतेम १० भाग.

तरीही पंप निवडायचाच असेल, तर हवेचं मशीन चालू असलेला बघा. टायरमध्ये हवा कमी असली की पेट्रोल जास्त जळतं.