उच्च विभेदन दूरचित्रवाणी संच

दृश्यातील बारीक तपशील परस्परांपासून वेगळे व स्पष्ट दाखविण्याची क्षमता अधिक असलेले दूरचित्रवाणी संच. विभेदन हे पडद्यावरील आडव्या व उभ्या चित्रबिंदूंच्या संख्येने दर्शवितात. १,९२० × १,०८० बिंदूंच्या संचास व्यवहारात ‘फुल एचडी’ व ३,८४० × २,१६० बिंदूंच्या संचास ‘४के’ म्हणतात. पहिल्यात सु. २०·७ लाख, तर दुसऱ्यात सु. ८२·९ लाख बिंदू असतात. चित्रपट पाहणे व व्हिडिओ खेळ खेळणे या दोन कारणांनी अशा संचांना घरोघरी मागणी आली. तथापि संचाची क्षमता व त्यावर प्रत्यक्ष उमटणारे चित्र यांत तफावत राहत आल्याचे दूरचित्रवाणीच्या इतिहासात वारंवार आढळते. परभणीसारख्या, मोठ्या प्रक्षेपण केंद्रांपासून दूर असलेल्या जिल्ह्याच्या संदर्भात ही तफावत विशेष ध्यानात येते.

ऐतिहासिक आढावा : ‘उच्च विभेदन’ ही संज्ञा सापेक्ष आहे. ब्रिटनमध्ये बीबीसीने १९३६ साली सुरू केलेल्या व लवकरच ४०५ ओळींवर स्थिरावलेल्या सेवेस त्या काळी हेच नाव होते. भारतात दिल्ली येथे १५ सप्टेंबर १९५९ रोजी प्रायोगिक प्रक्षेपणास आरंभ झाला. येथे ६२५ ओळींची पद्धती स्वीकारण्यात आली. तीत सु. ५७६ ओळी प्रत्यक्ष दिसत व दर सेकंदास २५ चित्रे दाखविली जात. जपानच्या एनएचके या संस्थेने १९६४ नंतर अधिक ओळींच्या पद्धतीवर संशोधन हाती घेतले व त्यातून १,१२५ ओळींची पद्धती सिद्ध झाली. मात्र तिला फार रुंद कंप्रता-पट्टा लागे. १९९० नंतरच्या दशकात चित्र अंकीय स्वरूपात संक्षेपित करून पाठविण्याच्या पद्धती प्रगत झाल्यावर ही अडचण दूर झाली. ४के व ८के विभेदनांची आंतरराष्ट्रीय मानके २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली.

मराठवाड्यातील प्रसार : मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. दूरचित्रवाणीच्या तरंगांचा पल्ला सामान्यतः क्षितिजापुरताच असल्याने शेकडो किमी. दूर असलेल्या परभणीस त्याचा उपयोग नव्हता. १९८२ साली उपग्रहाद्वारे राष्ट्रीय कार्यक्रम व रंगीत प्रक्षेपण सुरू झाले. पुढील वर्षी इन्सॅट-१बी उपग्रह अवकाशात गेल्यावर लहान शहरांतून लघुशक्ती प्रक्षेपक उभारण्याचे काम वेगाने झाले. अशा प्रक्षेपकाचा पल्ला शहराच्या आसपासच्या परिसरापुरता असे. त्यापलीकडील गावांत उंच खांबावर आकाशक चढवून व त्याला बूस्टर जोडून चित्र मिळवावे लागे. चित्रात ‘मुंग्या’ दिसू लागल्या की एकाने छपरावर जाऊन आकाशक फिरवावयाचा व दुसऱ्याने खालून ओरडून सांगावयाचे, हा त्या काळचा सार्वत्रिक अनुभव होय. संच कितीही उंची असला, तरी चित्राचा दर्जा छपरावरच ठरत असे.

संच बाळगण्यास लागणारा परवाना १९८५ मध्ये रद्द झाला. रामायण (१९८७–८८) व महाभारत (१९८८–९०) या मालिकांच्या काळात संचांचा खप झपाट्याने वाढला. मराठवाड्यातच औरंगाबादजवळ, पैठण तालुक्यातील चितेगाव येथे व्हिडिओकॉन उद्योगसमूहाचा कारखाना होता. त्यामुळे या प्रदेशाचा दूरचित्रवाणी संचाशी केवळ ग्राहक म्हणून नव्हे, तर उत्पादक म्हणूनही संबंध आला. या समूहावर २०१८ मध्ये दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली.

१९९१–९२ नंतर उपग्रह वाहिन्या केबलद्वारे घरोघरी पोहोचल्या. एकाच तारेतून अनेक घरांना जोडण्या दिल्याने शेवटच्या घरापर्यंत जाताना चित्र फिकट होई. केबलच्या सक्तीच्या अंकीकरणाचा प्रारंभ २०१२ मध्ये मुंबईसह चार महानगरांत झाला. परभणीसारखी शहरे तिसऱ्या व ग्रामीण भाग चौथ्या टप्प्यात होता. या अखेरच्या टप्प्याची वाढीव मुदत ३१ मार्च २०१७ ही होती. दरम्यान अनेक कुटुंबांनी जुना किरण नलिकेचा संच काढून सपाट पडद्याचा संच घेतला, परंतु त्यावर चित्र मात्र पूर्वीच्याच ५७६ ओळींचे येत राहिले. थोडे बिंदू मोठ्या पडद्यावर ताणले गेल्याने ते जुन्या संचापेक्षा अस्पष्ट भासे. महाग संच घेऊनही चित्र बिघडल्याची तक्रार ऐकू येई, तिचे कारण बहुधा हेच असे. आंतरजालावरील चित्रपट सेवा व तंतुप्रकाशीय जोडण्या यांच्या प्रसारानंतर ४के संचास साजेसे चित्र घरी येऊ लागले. त्यासाठी दर सेकंदास सु. १५ ते २५ मेगाबिट इतका स्थिर वेग लागतो.

अंतर व विभेदन : निरोगी डोळ्याला सामान्यतः एक कला (अंशाचा साठावा भाग) इतक्या कोनाने विलग असलेले बिंदू वेगळे ओळखता येतात. यावरून ५७६ ओळींच्या चित्रासाठी त्याच्या उंचीच्या सु. सहापट, १,०८० ओळींसाठी सु. तिप्पट व २,१६० ओळींसाठी सु. दीडपट अंतर योग्य ठरते. याहून दूर बसल्यास जादा बिंदूंचा लाभ डोळ्यास मिळत नाही. ५१ सेंमी. (२० इंच) कर्णाच्या जुन्या संचाची उंची सु. ३१ सेंमी. असे. म्हणून सु. १·८ मी. अंतरावरून तो नीट दिसे. १४० सेंमी. (५५ इंच) संचाची उंची सु. ६८ सेंमी. असते. त्यावरील फुल एचडी चित्र सु. २ मी. व ४के चित्र सु. १ मी. अंतरावरून पूर्ण तपशिलाने दिसते. सामान्य घराच्या बैठकीत भिंत व आसन यांतील अंतर बहुधा २·५ ते ३ मी. असते. इतक्या अंतरावरून १०९ सेंमी. (४३ इंच) संचावर फुल एचडी व ४के यांतील फरक ओळखणे जवळजवळ अशक्य असते. म्हणून संच ठरविण्यापूर्वी खोली मोजणे हे पहिले काम होय. ८के संचाचा लाभ घरगुती वापरात क्वचितच मिळतो.

चित्रपटांच्या गरजा : चित्रपट सामान्यतः दर सेकंदास २४ चित्रांनी घेतलेला असतो. दर सेकंदास ६० वेळा चित्र नवे करणाऱ्या पडद्यावर ही चित्रे सारख्या काळासाठी दाखविता येत नाहीत व संथ हालचाल अडखळती भासते. १२० वेळा नवे करणाऱ्या पडद्यावर प्रत्येक चित्र पाच वेळा दाखविता येत असल्याने हा दोष टळू शकतो. अंधाऱ्या दृश्यांसाठी बिंदूंच्या संख्येपेक्षा काळ्या रंगाची गडदता महत्त्वाची असते. ओएलईडी पडद्यात प्रत्येक बिंदू स्वतः प्रकाशतो व पूर्ण विझतो, त्यामुळे काळा रंग खराखुरा दिसतो. ‘एलईडी’ म्हणून विकले जाणारे संच बहुतांशी द्रव स्फटिकांचे असून त्यांच्या मागे दिवे असतात. हे दिवे विभागवार मंद करण्याची सोय असल्यास चित्र सुधारते. भर दिवसा उजेड येणाऱ्या खोलीत मात्र अधिक तेजस्वी द्रव स्फटिक पडदा सोयीचा ठरतो. पातळ संचांतील ध्वनिक्षेपक लहान असल्याने संवाद स्पष्ट ऐकू येण्यासाठी पुष्कळदा वेगळा ध्वनिक्षेपक जोडावा लागतो.

खेळांच्या गरजा : दूरचित्रवाणी संचास जोडून खेळण्याचे पहिले व्यापारी उपकरण, मॅग्नाव्हॉक्स ओडिसी, अमेरिकेत १९७२ साली विक्रीस आले. भारतात १९९० नंतर खेळांच्या कॅसेटी बसणारी स्वस्त उपकरणे पसरली. त्यांना कोणताही रंगीत संच चाले. पुढे चित्र अंकीय प्रक्रियेतून जाऊ लागल्यावर कळ दाबणे व पडद्यावर परिणाम दिसणे यांत विलंब निर्माण झाला. खेळासाठी हा विलंब विभेदनाहून अधिक निर्णायक असतो. तो कमी करण्यासाठी संचात ‘गेम मोड’ नावाची सोय असते. भारतात २०२१ मध्ये आलेले प्लेस्टेशन ५ सारखे उपकरण ४के चित्र दर सेकंदास १२० वेळा देऊ शकते. त्याचा लाभ घेण्यास संचाच्या एचडीएमआय २·१ जोडणीत ती क्षमता प्रत्यक्ष असावी लागते. अनेक संचांत ती एकदोन छिद्रांपुरतीच असते. एकच स्थिर आकृती तासन् तास दिसत राहिल्यास ओएलईडी पडद्यावर तिची कायमची छाया उमटण्याचा संभव असतो.

इतर निकष : २००५ नंतरच्या काही वर्षांत मराठवाड्याने दीर्घ भारनियमन सोसले. वीज परतताना येणाऱ्या दाबाच्या धक्क्याने संच निकामी होऊ शकतो, म्हणून धक्का-रोधक जोडणी उपयुक्त ठरते. जुन्या संचाचा सुटा भाग बदलून गावातील कारागीर तो दुरुस्त करीत असे. सपाट संचाचे पटल फुटल्यास मात्र दुरुस्तीचा खर्च पुष्कळदा नव्या संचाच्या जवळपास जातो. त्यामुळे हमीची मुदत व सेवाकेंद्राचे अंतर हेही किमतीचेच घटक मानावेत. ८१ सेंमी. (३२ इंच) पेक्षा मोठ्या संचांवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला व त्यामुळे मोठे संच अधिक कुटुंबांच्या आवाक्यात आले. असा संच पुष्कळदा हप्त्यांवर घेतला जातो. हप्ते फिटेपर्यंत, व त्यानंतरही अनेक वर्षे, त्याच्या किती बिंदूंचा उपयोग होणार हा विचार अशा कुटुंबाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

थोडक्यात, प्रथम खोलीतील अंतर, नंतर घरी येणाऱ्या चित्राचा दर्जा, त्यानंतर काळ्या रंगाची गडदता व विलंब आणि शेवटी बिंदूंची संख्या, असा निवडीचा क्रम हितावह ठरतो. पूर्वी आकाशक नीट न लावता उंची संच घेणाऱ्याची जी निराशा होई, तीच पुरेशा वेगाची जोडणी नसताना ४के संच घेणाऱ्याची होते. टाकून दिलेल्या किरण नलिकांच्या काचेत शिसे असते. असे संच भंगारात न फोडता अधिकृत संकलन केंद्राकडे देणे आवश्यक असून ई-कचऱ्याविषयीचे नियम १ मे २०१२ पासून अमलात आले आहेत.