२०,६७९ डॉक्टर

१९३० साली अमेरिकेतल्या मासिकांत लकी स्ट्राइक सिगारेटची जाहिरात झळकली. हसतमुख डॉक्टर, हातात पाकीट आणि आकडा: लकी घशाला कमी त्रास देते, असं २०,६७९ डॉक्टर म्हणतात. वीस हजार नव्हे, २०,६७९. शेवटच्या त्या नवामुळे वाटतं, कुणीतरी एकेक उत्तर हातात धरून मोजलंय. आणि तसं मोजलंही होतं. एका नामांकित हिशेबतपासनीस संस्थेने तो आकडा प्रमाणित केला होता.

म्हणूनच ‘इतके डॉक्टर म्हणतात’ अशा दाव्यांच्या साऱ्या घराण्याचा मूळपुरुष मी या आकड्याला मानतो. बेरीज चोख होती. जाहिरात संस्थेने डॉक्टरांना आधी सिगारेटची पाकिटं फुकट पाठवली आणि मग विचारलं, इतर सिगारेटींपेक्षा लकी नाजूक घशाला कमी त्रासदायक वाटते ना? हवं ते उत्तर प्रश्नातच होतं. विचारलं होतं मत. वाचणाऱ्याला मात्र तो वैद्यकीय तपासणीचा निष्कर्ष वाटला.

१९४६ मध्ये कॅमलने हाच आकडा १,१३,५९७ डॉक्टरांवर नेला. ‘इतर कुठल्याही सिगारेटपेक्षा डॉक्टर कॅमल जास्त ओढतात.’ डॉक्टर काय ओढतात, हे विचारायला जाहिरात संस्थेची माणसं वैद्यकीय परिषदांना जात, तीही बहुधा कॅमलची पाकिटं वाटून झाल्यावर. सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवणारे मोठे अभ्यास १९५० मध्ये इंग्लंड-अमेरिकेत छापून आले. कॅमलची मोहीम त्यानंतरही दोन वर्षं चालली. डॉक्टरवरच्या विश्वासाने ज्यांनी ते पाकीट उघडलं, त्यांचा विचार मनातून जात नाही.

आकड्यांच्या अशा लबाड्या सामान्य वाचकाला उलगडून दाखवणारं पुस्तक डॅरेल हफ यांनी १९५४ मध्ये लिहिलं. पुढे त्याच हफ यांनी तंबाखू उद्योगाचे पैसे घेऊन १९६५ मध्ये अमेरिकी संसदेपुढे धूम्रपानाविरुद्धच्या पुराव्यावर शंका घेतल्या. याचं मला फार वाईट वाटतं.

मग जाहिरातींत डॉक्टरांची जागा दंतवैद्यांनी घेतली. ट्रायडेंट च्युइंगगमची शिफारस पाचांतले चार दंतवैद्य करतात, असं लोकांच्या लक्षात राहिलं. मूळ वाक्यात शिफारस होती बिनसाखरेच्या गमची, तीही मुळात गम चघळणाऱ्या रुग्णांसाठी. २००७ मध्ये ब्रिटनच्या जाहिरात नियामकाने कोलगेटचा ‘८० टक्क्यांहून अधिक दंतवैद्यांची शिफारस’ हा दावा अडवला. पाहणीत दंतवैद्यांना एकाहून अधिक टूथपेस्ट सांगायची मुभा होती, आणि दुसऱ्या एका कंपनीचं नावही जवळजवळ तितक्याच जणांनी घेतलं होतं. जाहिरात वाचणाऱ्याला मात्र वाटणार, ८० जण इकडे आणि उरलेले २० बाकी सगळ्यांकडे.

आपल्याकडे २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने सेन्सोडाइनच्या जाहिरातींबद्दल १० लाख रुपयांचा दंड केला. दावा होता, ‘जगभरातल्या दंतवैद्यांची शिफारस’. पुरावा म्हणून कंपनीने दोन पाहण्या सादर केल्या. दोन्हींत प्रश्न विचारले होते ते फक्त भारतातल्या दंतवैद्यांना.