साहेब गेला, काठी राहिली

शिर्डीत रोज हजारो माणसं येतात. दर्शनाची रांग बघतात आणि गावाबाहेरची आमची वस्ती न बघताच परत जातात. मी त्या वस्तीतला. शाळेत पंधरा ऑगस्टला गुरुजी सांगायचे, आपल्याला स्वातंत्र्य मिळालं. घरी येऊन आज्याला विचारलं, "आबा, सत्तेचाळीसला तू काय करत व्हतास?"

"येसकरपाळी व्हती माझी. चावडीचे कागद घेऊन कोपरगावला निघालो व्हतो."

तेव्हा शिर्डी कोपरगाव तालुक्यात होती.

"आन् दुसऱ्या दिशी?"

"दुसऱ्या दिशीबी काठीच."

मित्रहो, स्वातंत्र्याचा इतिहास मी तेव्हापासून आबाच्या काठीपासून मोजतो.

अमेरिकेतल्या 13 वसाहतींनी 4 जुलै 1776 ला इंग्लंडच्या राजाशी संबंध तोडले. सगळी माणसं समान, असं जगाला सांगितलं. 1787 ला फिलाडेल्फियात राज्यघटना करायला 55 जण आले. त्यात गुलाम एकही नव्हता. प्रतिनिधींच्या जागा ठरवताना 5 गुलाम म्हणजे 3 माणसं, असा हिशेब लावला. मोजायला गुलाम, मताला मालक! गुलामगिरी कायद्यानं संपली 1865 ला. मधे 89 वर्षं गेली. साम्राज्यातून देश सुटला, पण टेबलाशी जे बसले होते त्यांच्यापुरताच.

बाबासाहेब 1913 ते 1916 न्यूयॉर्कला शिकले. हा धडा त्यांना ठाऊक होता. 1946 ला त्यांनी तिथले निग्रो विचारवंत डु बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतलं साम्य मांडलं.

आमच्याच जिल्ह्यात, नगरच्या किल्ल्यात, 1942 पासून नेहरू, पटेल, आझाद कैदेत होते. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री. यावरून अजून टोमणे ऐकायला मिळतात. पण इंग्रज जाणार हे दिसतच होतं. बाबासाहेबांचा सवाल पुढचा होता: सत्ता कोणाच्या हाती जाणार? कॅबिनेट मिशननं अस्पृश्यांना वेगळं स्थान दिलं नाही, तेव्हा जुलै 1946 ला शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशननं पुण्यात सत्याग्रह केला. माणसं तुरुंगात गेली. घटना समितीत जायला मुंबईतून वाट नव्हती. जोगेंद्रनाथ मंडल आणि त्यांच्या साथीदारांनी बाबासाहेबांना बंगालमधून निवडून दिलं. फाळणीत ती जागा गेली. मग जुलै 1947 ला काँग्रेसलाच त्यांना मुंबईतून पाठवावं लागलं. 29 ऑगस्टला मसुदा समिती नेमली गेली, ते अध्यक्ष झाले. कलम 17 नं अस्पृश्यता गेली. फिलाडेल्फियात जे झालं नाही ते इथं झालं. कोणी दान दिलं नाही, झगडून खुर्ची मिळवली.

पण आबाची काठी?

वतनाची चाकरी 1874 च्या इंग्रजी कायद्यानं बांधलेली. साहेब आणि पाटील, दोघांनाही ती सोयीची. बाबासाहेबांनी 1928 ला मुंबई कौन्सिलात तिच्याविरुद्ध बिल आणलं. ते पास झालं नाही. साहेब गेला, घटना आली, तरी चाकरी चालूच. कनिष्ठ गावकामगारांची वतनं रद्द करणारा कायदा झाला 1958 ला. त्यातही जमीन आधी सरकारजमा. कब्जेहक्काची रक्कम भरेल त्याला परत, आणि कलेक्टरच्या परवानगीशिवाय ती विकता येणार नाही ही अट. ज्याच्या घरात दोन वेळची भाकर नाही त्यानं रक्कम कुठून भरायची? 6 डिसेंबर 1964 ला दादासाहेब गायकवाडांनी देशभर भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला तो उगाच नाही.

आज शिर्डीत जमिनीला सोन्याचा भाव आहे. लॉजं उभी राहिली. आपली वतनी जमीन कुठं गेली, हे आपल्या पोरांना माहीत नाही.

तेव्हा जयंतीची वर्गणी गोळा करताय तशीच आणखी एक गोष्ट करा. तहसील कचेरीत अर्ज टाका. गावच्या वतनी जमिनीचे सातबारे आणि जुने फेरफार काढा. 1958 नंतर कोणाची नावं गेली, कोणाची चढली, ते वस्तीत मोठ्यानं वाचा. म्हाताऱ्यांना शेजारी बसवा. कागदात नसलेलं त्यांना आठवेल.

आबा गेला. काठी घरात आहे. देश सुटला त्याचा हिशेब पुस्तकात मिळतो. आपण किती सुटलो त्याचा हिशेब आपल्यालाच मांडायचा आहे.

जय भीम.