चेण्याच्या रस्त्यावरची विजेची गाडी

ठाण्याहून घोडबंदर रस्त्याने निघाले आणि गायमुखचा घाट ओलांडला, की चेणे लागते. एका हाताला राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, दुसऱ्या हाताला खाडी. आज हे गाव मिरा-भाईंदर महानगरपालिकेत मोडते. पुढे खाडीकाठी घोडबंदरचा किल्ला आहे. समुद्रमार्गे आलेले घोडे इथे उतरत, म्हणून घोडबंदर, अशी या नावाची व्युत्पत्ती सांगतात. १७३७ साली मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून किल्ला घेतला. घोड्यांच्या नावाच्या या रस्त्यावर आता दिवसरात्र ट्रक, बस, रिक्षा आणि मोटारी अडकून पडलेल्या दिसतात.

गेल्या पावसाळ्यात चेण्यातल्या एका ओळखीच्या घरी गेलो होतो. नवरा-बायको दोघेही नोकरीला, एक मुलगी शाळेत आणि सासूबाईंना आठवड्यातून दोनदा उपचारासाठी ठाण्याला न्यावे लागते. पावसात रिक्षा मिळत नाही, मिळाली तर घाट चढायला तयार नसते. गाडी घ्यायची हे ठरले होते. प्रश्न एवढाच होता, की पेट्रोलची घ्यावी की विजेची? चहा होईपर्यंत वहीवर हिशेब मांडला. घरी परतल्यावर लक्षात आले, की हा हिशेब एका घराचा असला तरी त्यामागे शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे.

विजेवर चालणारी वाहने मुंबईकराला नवी नाहीत. १८७४ पासून शहरात घोड्यांची ट्राम होती. ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम सुरू झाली आणि ती ३१ मार्च १९६४ पर्यंत धावली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला ही विजेची पहिली लोकल निघाली. १९२८ मध्ये पश्चिमेच्या मार्गावर बोरिवलीपर्यंत आणि १९३६ मध्ये विरारपर्यंत विजेच्या गाड्या पोहोचल्या. म्हणजे भाईंदर स्थानकातून विजेची गाडी जाऊ लागल्याला नव्वद वर्षे होत आली. या सर्व वाहनांत एक गोष्ट समान आहे. आधी तार ओढली गेली, मग गाडी धावली. तारेचा खर्च कंपनीने किंवा रेल्वेने केला. प्रवाशाने फक्त तिकीट काढले.

खाजगी मोटारीची गोष्ट वेगळी. १९०० च्या सुमारास अमेरिकेत विजेच्या मोटारी पेट्रोलच्या मोटारींशी बरोबरीने स्पर्धा करीत होत्या. त्या शांत होत्या, धूर नव्हता, हँडल फिरवून इंजिन सुरू करण्याचा त्रास नव्हता. १९०८ मध्ये फोर्डची मॉडेल टी आली आणि पेट्रोलची गाडी स्वस्त झाली. १९१२ मध्ये कॅडिलॅकने विजेचा स्टार्टर बसवला आणि हँडलचा त्रासही संपला. पेट्रोल वाटेत कुठेही भरता येई. वीज मात्र शहराबाहेर पोहोचलेलीच नव्हती. विजेची मोटार मागे पडली त्याला बॅटरी जितकी कारण होती, तितकीच न पोहोचलेली तारही होती.

आपल्याकडे कुटुंबाची परवडणारी मोटार या कल्पनेला खरे रूप आले ते १४ डिसेंबर १९८३ रोजी, मारुती ८०० बाजारात आली तेव्हा. १९९८ च्या अखेरीस पिंपरीत तयार झालेली इंडिका आली. २००९ मध्ये लाखाची गाडी म्हणून नॅनो आली. विजेची छोटी गाडी या प्रवाहाच्या कडेकडेने चालत होती. बंगळुरूच्या मैनी समूहाने अमेरिकी भागीदारासह १९९४ मध्ये कंपनी काढली आणि चेतन मैनी यांच्या पुढाकाराने २००१ मध्ये 'रेवा' विक्रीला आली. दोन दारे, शिसे-आम्लाच्या बॅटऱ्या, एका चार्जमध्ये सुमारे ८० किलोमीटर. लंडनमध्ये ती 'जी-विझ' या नावाने बऱ्यापैकी खपली; भारतात तुरळकच दिसली. चार माणसांच्या कुटुंबाला ती पुरणारी नव्हती. २०१० मध्ये महिंद्राने ही कंपनी घेतली आणि मार्च २०१३ मध्ये लिथियम बॅटरीची 'ई-टू-ओ' आणली. तिलाही दोनच दारे होती. चार दारांची सुधारित गाडी २०१६ मध्ये आली, तोवर ग्राहकाचा उत्साह ओसरला होता.

२८ सप्टेंबर २०२२ रोजी टाटांनी टियागो ईव्ही जाहीर केली. सुरुवातीची किंमत ८.४९ लाख रुपये. पाच जणांची, पाच दारांची, ओळखीच्या पेट्रोल हॅचबॅकचाच सांगाडा असलेली ही गाडी. बॅटरी १९.२ किंवा २४ युनिट क्षमतेची. कागदावरचा पल्ला अनुक्रमे २५० आणि ३१५ किलोमीटर. बॅटरीला आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची हमी. पुढच्या एप्रिलमध्ये एमजीची छोटी कॉमेट आली. मध्यमवर्गीय घराने विजेच्या गाडीचा गंभीरपणे विचार करावा अशी स्थिती इथून सुरू झाली.

सरकारी मदतीचा क्रम मात्र ध्यानात ठेवण्यासारखा आहे. केंद्राने १ ऑगस्ट २०१९ पासून विजेच्या वाहनांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आणला, पण 'फेम'च्या दुसऱ्या टप्प्याचे अनुदान खाजगी मोटारींना दिले नाही. महाराष्ट्राच्या २०२१ च्या धोरणात पहिल्या दहा हजार मोटारींना अनुदान होते आणि ते बॅटरीच्या क्षमतेवर मोजले जाई. मोठी बॅटरी, मोठे अनुदान. लवकर घेणाऱ्यांसाठीचा वाढीव लाभ मार्च २०२२ अखेर संपला. स्वस्त हॅचबॅक त्यानंतर सहा महिन्यांनी आली. ज्यांना पैशाची ओढ अधिक होती, त्यांच्या आवाक्यातली गाडी येईपर्यंत पंगत उठत आली होती. रस्ता कराची माफी तेवढी त्यांच्या वाट्याला आली. सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांचा जीएसटी १८ टक्के झाला, त्यामुळे करातला फरकही कमी झाला आहे.

आता वहीवरचा हिशेब. २०२२ च्या किमतींत पायाभूत पेट्रोल गाडी आणि विजेची गाडी यांत सुमारे तीन लाखांचे अंतर होते. रस्ता कराची माफी धरली तर ते अडीच लाखांवर येते. पेट्रोलची गाडी वाहतुकीत लिटरला १५ किलोमीटर देते असे धरले आणि पेट्रोल १०४ रुपये धरले, तर किलोमीटरला सात रुपये पडतात. विजेची गाडी भिंतीतून घेतलेल्या एका युनिटवर सात किलोमीटर चालेल असे धरू आणि युनिट दहा रुपयांचे धरू. म्हणजे किलोमीटरला दीड रुपया. बचत साडेपाच रुपये. महिन्याला हजार किलोमीटर चालवणाऱ्याचे अडीच लाख पावणेचार वर्षांत वसूल होतात. पण गाडी फक्त बाजार आणि शाळेपुरती, महिन्याला चारशे किलोमीटर चालली, तर साडेनऊ वर्षे लागतात. बॅटरीची हमी त्याआधीच संपलेली असते. थोडे चालवणाऱ्याने विजेची गाडी घ्यावी हा सल्ला वारंवार ऐकू येतो. पैशाच्या दृष्टीने खरे उलटेच आहे. गिअर बदलावे न लागणाऱ्या पेट्रोल गाडीशी तुलना केली तर अंतर कमी होते, एवढी सूट द्यायला हवी.

पल्ल्याची भीती चेण्यापुरती तरी फोल ठरते. छोट्या बॅटरीला प्रत्यक्षात दीडशे किलोमीटर धरले, तरी ठाण्याला जाऊन येणे चाळीसच्या आत आहे. कोंडीत उभ्या गाडीची मोटर वीज खात नाही, फक्त एसी खातो. घाट चढताना खर्च वाढतो; उतरताना चाके मोटरला जनित्रासारखी फिरवतात आणि थोडी वीज परत येते. पुण्याला जायचे तर मात्र बोरघाटाच्या चढापुढे ही बॅटरी एका दमात पुरणार नाही. वाटेत तासभर थांबायची तयारी हवी.

खरी अडचण निघाली ती गाडीत नव्हे, इमारतीखाली. मुंबई उपनगरांत वीज देणारी कंपनी १९२९ सालची. बीएसईएस, मग २००३ पासून रिलायन्स आणि २०१८ पासून अदानी अशी ती हातोहात गेली. तिच्या परवान्याच्या क्षेत्रवर्णनात मिरा-भाईंदरसोबत चेण्याचे नाव स्वतंत्रपणे येते. तार गावात आहे. नियामक आयोगाने वाहन चार्जिंगसाठी वेगळा दरवर्गही ठेवला आहे. पण आमच्या या स्नेह्यांच्या सोसायटीत खालच्या पार्किंगला पंधरा अँपिअरचा पॉइंट द्यायला कमिटी तयार नव्हती. आगीची भीती, सामाईक बिलाचा वाद, 'उद्या सगळेच मागतील' ही शंका. तिसऱ्या मजल्यावरून लोंबती वायर सोडणे हा पर्याय नव्हेच. पावसात तो जिवावरचा खेळ.

म्हणून त्या घरी मी एवढेच सांगितले, की आधी स्वतंत्र मीटर आणि पॉइंटची परवानगी लेखी घ्या, मग शोरूमला जा. परवानगी मिळाली आणि रोजचे ठाणे असेल, तर विजेची गाडी घ्या. नसेल तर मन न खाता पेट्रोलची घ्या. सासूबाईंचा मंगळवार-शुक्रवार चुकता कामा नये.

ट्राम आणि लोकल यशस्वी झाल्या, कारण तार आधी होती आणि ती सर्वांची होती. आज गाडी परवडण्याजोगी झाली आहे. पार्किंगपर्यंतच्या शेवटच्या वीस फूट तारेची जबाबदारी मात्र एकेकट्या घरावर टाकलेली आहे. स्नेह्यांचा अर्ज सोसायटीच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत यायचा आहे.