खाडा, रजा आणि सुट्टी
(आसगाव, ता. पवनी, जि. भंडारा येथील व्याख्यानाचं शब्दांकन)

मंडळी, आजचा विषय मी भिंतीवरच्या कॅलेंडरवरून घेतला आहे. दिवाळीनंतर किराणा दुकानदार, कृषी केंद्रवाला, सराफ आपल्याला कॅलेंडर देतो. त्यावर वरच्या बाजूला दुकानाची जाहिरात असते, खाली तारखा असतात आणि काही तारखा लाल असतात. म्हणजे जाहिरात, सुट्टी आणि कामाचे दिवस ही तिन्ही एकाच कागदावर. हे तीन धागे इतिहासात एकमेकांत कसे गुंतत गेले, ते आपल्या भंडारा जिल्ह्याच्या अंगाने बघावं, असं मनात आहे.

पहिला प्रश्न साधा आहे. त्या तारखा लाल कोणी केल्या? देवाने नाही, पंचांगकर्त्यानेही नाही. सरकार सार्वजनिक सुट्ट्या जाहीर करतं ते 'निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट, १८८१' च्या पंचविसाव्या कलमाखाली. हा कायदा हुंड्या, वचनचिठ्ठ्या आणि धनादेशांचा आहे. हुंडीची मुदत सुट्टीच्या दिवशी भरत असेल तर ती आदल्या कामाच्या दिवशी देय समजावी, एवढ्यासाठी त्यात सुट्टीची व्याख्या आली. म्हणजे आपल्या लाल तारखांचं मूळ सावकारी व्यवहारात आहे, कष्टकऱ्याच्या थकव्यात नाही. म्हणून त्या दिवशी बँक बंद असते, तहसील बंद असते, शाळा बंद असते. धानाच्या बांधीत रोवणा करणाऱ्या बाईला मात्र ती तारीख लाल आहे की काळी, याने काही फरक पडत नाही.

आता थोडं शब्दांकडे बघू. तत्त्वज्ञानाच्या माणसाला ती खोड असतेच. आपल्याकडे काम न करण्याला निदान तीन शब्द आहेत. 'सुट्टी' हा सुटण्यातून आला. बैल जुवातून सुटतो, तशी ती सुटका. 'रजा' हा मूळ अरबी शब्द, अर्थ संमती. रजा दुसऱ्याने द्यावी लागते. आणि तिसरा 'खाडा'. खाडा म्हणजे हजेरीतलं भोक. त्या दिवशी मजुरी नाही. एकच दिवस, एकच विश्रांती. पण मास्तरांची ती सुट्टी, कारकुनाची रजा आणि मजुराचा खाडा. मला वाटतं, कामगार चळवळीचा सगळा इतिहास म्हणजे खाड्याची सुट्टी करण्याची धडपड आहे.

जुन्या गावगाड्यात काय होतं? आपल्याकडे सालगड्याचं साल गुढीपाडव्याला सुरू होतं. साल म्हणजे सबंध वर्षाचा करार. त्यात आठवड्याला एक दिवस वगैरे हिशोब नव्हता. हक्काची सुट्टी म्हणावी तर ती बैलाला होती, पोळ्याला. आदल्या दिवशी त्याचे खांदे मळायचे, दुसऱ्या दिवशी आंघोळ, झूल, पुरणपोळी, आणि त्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवायचं नाही. पण बैलाला नदीवर नेणारा, घासणारा, सजवणारा कोण? गडीच. त्याला बोजारा मिळे, गोडधोड मिळे, मान मिळे. मोकळा दिवस मिळे असं म्हणता येत नाही. तरी पोळ्यात एक मोठी समज आहे, ती विसरू नये. राबणाऱ्या जीवाचं आपण देणं लागतो, आणि ते वर्षातून एकदा तरी सगळ्या गावासमोर कबूल करायचं, ही ती समज.

माणसासाठी ही कबुली कायद्यात आणायला मुंबईच्या गिरण्या लागल्या आणि नारायण मेघाजी लोखंडे लागले. लोखंडे महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक परंपरेतले. मांडवीच्या एका गिरणीत ते स्टोअरकीपर होते, पुढे नोकरी सोडून 'दीनबंधु' पत्र चालवू लागले. १८८४ च्या सप्टेंबरात मुंबईत त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचं निवेदन तयार केलं. मागण्या ऐका: रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, कामाची वेळ सकाळी साडेसहा ते सूर्यास्त, मागच्या महिन्याचा पगार पंधरा तारखेपर्यंत, आणि अपघात झाला तर भरपाई. शिकागोचं आंदोलन १८८६ चं, हे त्याच्या दोन वर्षं आधीचं. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दहा हजारांवर कामगार जमले आणि त्या सभेत दोन गिरणी कामगार स्त्रियाही बोलल्या. १० जून १८९० ला गिरणीमालक संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षीच्या फॅक्टरी कायद्यात आठवड्याची सुट्टी आली.

रविवार ख्रिस्ती वार म्हणून आला, असं आपण सहज म्हणतो. साहेबाच्या कचेरीपुरतं ते खरंही आहे. पण गिरणीतल्या माणसाला तो साहेबाने दिला नाही, मागून आणि भांडून घ्यावा लागला. रविवार हा खंडोबाचा वार, हा मुद्दाही लोखंड्यांच्या बाजूने होता, असं सांगतात. मागणी नवी होती, तिला घरचा आधार जुना होता.

आता आपल्या जिल्ह्यात या. इथे गिरणी नव्हती. इथे बिडी होती. पुस्तकात 'विडी' लिहितात, आपण बिडी म्हणतो. जंगलात तेंदूपत्ता, पलीकडे गोंदियाचं रेल्वे जंक्शन, आणि धानाचा हंगाम संपला की रिकामे होणारे हजारो हात. गोंदिया १ मे १९९९ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात होतं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हा धंदा इथे घराघरांत गेला. पान भिजवायचं, फर्मा ठेवून कात्रीने कापायचं, तंबाखू भरून वळायचं, दोऱ्याने बांधायचं, तोंड मोडायचं. हिशोब हजारावर. खराब म्हणून काढलेली बिडी ती छाट. तिचे पैसे नाहीत.

या धंद्यात सुट्टीचं काय झालं, हे बघताना न्यायालयाचे दोन निकाल फार बोलके आहेत. पहिला १९५० चा. तेव्हा आपण मध्य प्रांतात होतो. प्रांत सरकारने १९४८ साली एक कायदा केला: शेतीच्या हंगामात मजूर कमी पडतात, म्हणून ठरावीक गावांत त्या काळात बिडी वळण्यावर बंदी घालता येईल. सागर जिल्ह्यात तसा हुकूम निघाला. एक कारखानदार आणि एक बिडी मजूर सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने विचारलं, जे म्हातारे, अपंग, जी लहान मुलं शेतात जाऊच शकत नाहीत, त्यांचंही काम का थांबवता? बंदी गरजेपेक्षा जास्त व्यापक आहे, धंद्याच्या स्वातंत्र्यावर गदा आहे, म्हणून ती घटनाबाह्य ठरली. निकाल योग्यच होता. पण त्यातली परिस्थिती बघा. सरकारला मजुराचा बिडीपासूनचा मोकळा वेळ हवा होता, तो विसाव्यासाठी नाही, दुसऱ्या बांधीत राबवायला.

दुसरा निकाल १९६१ चा, बिरधीचंद शर्मा विरुद्ध नागपूरचे प्रथम दिवाणी न्यायाधीश. प्रकरण अगदी छोटं. नागपूरच्या एका बिडी कारखान्यातले तीन मजूर. त्यांनी पंधरा दिवसांची रजा मागितली, कामावर गेले नाहीत, आणि रजेचा पगार मागितला. मालक म्हणाला, हे माझे कामगारच नाहीत. यांना वेळेचं बंधन नाही, वाटेल तेव्हा येतात, वाटेल तेव्हा जातात, जितक्या बिड्या वळतील तितके पैसे घेतात. मोकळ्या माणसाला रजा कशाची? सर्वोच्च न्यायालयाने हे मानलं नाही. काम कारखान्यातच करावं लागतं, माल मालकाचा आहे, बिडी पसंत नसेल तर नाकारण्याचा अधिकार मालकाचा आहे. तेव्हा हे कामगारच आहेत आणि रजेचा पगार त्यांचा हक्क आहे.

रक्कम किरकोळ होती. प्रश्न मात्र मोठा होता: जो 'वाटेल तेव्हा' काम करतो, तो स्वतंत्र आहे का? हजारावर मजुरी असली की रोजच सुट्टी घेता येते, आणि म्हणूनच एकही घेता येत नाही. बाई दुपारी झोपली तर तिला कोणी रागावत नाही. फक्त रात्री हजार भरत नाही. मुकादमाचं काम तिचं पोटच करतं.

मालकांनी यातून वाट काढली ती घरखेपेची. कारखाना नकोच, पान-तंबाखू सट्टेदारामार्फत घरी द्यायचा आणि बिडी घ्यायची. त्यावर १९६६ चा बिडी आणि सिगार कामगार कायदा आला. त्यात घरी वळणाऱ्यालाही कामगार म्हटलं, वीस दिवस कामामागे एक दिवस पगारी रजा दिली, आणि कामाची जागा आठवड्यातून एक दिवस पूर्ण बंद ठेवायला सांगितलं. मालक पुन्हा न्यायालयात गेले. १९७४ साली तो कायदा वैध ठरला. पण कागदावर जागा बंद करता येते. घर कसं बंद करणार? सूप मांडीवर आणि चूल शेजारी, तिथे रविवार कुठून शिरणार?

आता जाहिरातीचा धागा. बिडीच्या कट्ट्यावरचं लेबल ही आपल्या खेड्यांत पोचलेल्या पहिल्या जाहिरातींपैकी एक. गिऱ्हाईक वाचू शकत नव्हतं, म्हणून चित्र: वाघ, सिंह, देव, नाहीतर एखादा आकडा. पुढे भिंती रंगल्या. १९६७ साली विविध भारतीवर व्यापारी जाहिराती सुरू झाल्या, त्या मुंबई, पुणे आणि आपल्या नागपूरहून. दिवाळीनंतर मंडई भरते, पुढे शंकरपट होतात, रात्रभर झाडीपट्टीचं नाटक चालतं. तिथेही पडद्याशेजारी दुकानांचे फलक लागतात. म्हणजे सुट्टी जिथे माणसं गोळा करते, तिथे जाहिरात येऊन बसते. बिडीच्या लेबलवर पुष्कळदा मालकाचा फोटो असायचा. वळणाऱ्या बाईचा फोटो मी कधी पाहिला नाही. २००३ च्या कायद्याने तंबाखूच्या जाहिरातीला बंदी आली, ती अंमलात आली १ मे २००४ ला, नेमकी कामगारदिनी. २००९ पासून पाकिटावर रोगाचं चित्र आलं. ते व्हायलाच हवं होतं. पण ओढणाऱ्याला इशारा मिळाला. वर्षानुवर्षं तंबाखूची धूळ छातीत घेणारीला त्या चित्रात जागा मिळाली नाही. आणि धंदा आक्रसला तेव्हा तिला दुसरं काम काय, हे विचारायलाही कोणी थांबलं नाही.

आज जाहिरात काय सांगते? सण आला, खरेदी करा, घरपोच मिळेल. म्हणजे तुमची सुट्टी ही दुसऱ्या कोणाचा सगळ्यात कष्टाचा दिवस. दसऱ्याच्या आठवड्यात पार्सल पोचवणारी पोरं बघा, आपल्याच गावांतून नागपूर-पुण्याला गेलेली. त्यांना कामावर घेतानाची जाहिरातही वाचा: वेळ तुमची, मालक तुम्हीच. मंडळी, हे वाक्य आपण आत्ताच ऐकलं. १९६१ साली नागपूरच्या बिडी मालकाचा युक्तिवाद हाच होता. तेव्हा तो न्यायालयात हरला. आता तो जाहिरातीत जिंकतो आहे. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये 'गिग कामगार' हा शब्द आला; त्याची व्याख्याच अशी की जो मालक-नोकर या पारंपरिक नात्याच्या बाहेर काम करतो. काही सुरक्षा योजनांचं दार त्याला उघडलं, हे चांगलं झालं. पण नात्याच्या बाहेर म्हटलं की रजा द्यायला समोर कोणी उरत नाही. सूप जाऊन मोबाईल आला, खाडा तोच राहिला.

ग्रीक भाषेत फुरसतीला 'स्कोले' म्हणत. त्यातूनच इंग्रजी 'स्कूल' आलं. अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो, आपण काम करतो ते फुरसतीसाठी. विचार सुंदर आहे. पण त्याच्या अथेन्समध्ये ती फुरसत गुलामांच्या कष्टावर उभी होती, आणि त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. लोखंड्यांच्या निवेदनावर सही करणारा कामगार मला इथे अ‍ॅरिस्टॉटलच्या पुढे गेलेला दिसतो. त्याने फुरसत राबणाऱ्यासाठीच मागितली, आणि ती सगळ्यांना एकाच दिवशी मागितली. हे 'एकाच दिवशी' महत्त्वाचं आहे. एकट्याची सुट्टी म्हणजे नुसती झोप. सगळ्यांची सुट्टी असली की सभा होते, लग्न जुळतं, नाटक होतं, भांडणं मिटतात, वाचनालय उघडतं.

म्हणून गावात बसून करता येईल असं एक काम सांगतो आणि थांबतो. आपल्या गावात बिडी वळलेल्या आया-आज्या अजून आहेत. त्यांना विचारा: हजाराला काय मिळायचं, छाट किती जायची, रजेचे पैसे कधी हातात पडले का. लिहून काढा. आणि तुमच्या घरातला पोरगा पार्सल पोचवत असेल तर त्यालाही हेच प्रश्न विचारा. दोन्ही उत्तरं शेजारी ठेवून वाचली, की आपल्या जिल्ह्याचा पाऊणशे वर्षांचा इतिहास एका पानावर येईल.