गोवा–पोर्तुगाल समेट आणि पुणे

गोव्यातील पोर्तुगीज राजवटीमुळे साचलेली कटुता आणि १९७४ नंतर भारत व पोर्तुगाल यांच्यात झालेला समेट. या साऱ्यात पुणे शहराचा वाटा मोठा आहे. मात्र तो समेटापेक्षा लढ्यातच अधिक.

१५१० मध्ये पोर्तुगीज सेनानी अल्बुकेर्कने घेतला तो मांडवी व झुवारी नद्यांमधला तिसवाडी बेटाचा मुलूख. बारदेश, सासष्टी त्यानंतर. पेडणे, सत्तरी, काणकोण हे तर अठराव्या शतकात. देवळे पाडणे, सक्तीचे धर्मांतर आणि १५६० पासूनचे इन्क्विझिशन (धर्मन्यायालय) यांचा जाच जुन्या काबिजादींनी, म्हणजे आधी जिंकलेल्या मुलखाने, सोसला, नव्यांच्या वाट्याला तो फारसा आला नाही. म्हणून 'गोमंतकीयांचा राग' असे सरसकट म्हणणे चुकीचे ठरते.

इंग्रज गेल्यावरही पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार गोवा सोडेना, तेव्हा पुण्याने हा प्रश्न आपलाच मानला. २ ऑगस्ट १९५४ रोजी पोर्तुगीजांच्या ताब्यातले सिल्वासा घेणाऱ्या स्वयंसेवकांत पुण्याची तुकडी होती; संगीतकार सुधीर फडके आणि पुढे शिवशाहीर झालेले बाबासाहेब पुरंदरे तिच्याबरोबर होते. त्याच वर्षी गोवा विमोचन सहायक समिती स्थापन झाली. समाजवादी, जनसंघीय, कम्युनिस्ट अशी एरवी एकमेकांच्या सावलीला न उभी राहणारी मंडळी या लढ्यात उतरली. मे १९५५ मध्ये समाजवादी नेते ना. ग. गोरे आणि सेनापती बापट यांची तुकडी गोव्यात शिरली. सत्याग्रहींना लाठ्या आणि बुटांच्या लाथा बसल्या. गोरे, शिरुभाऊ लिमये व मूळ पुण्याचे मधू लिमये यांना दीर्घ मुदतीच्या शिक्षा झाल्या. ते १९५७ मध्ये सुटले. १५ ऑगस्ट १९५५ च्या सामूहिक सत्याग्रहावर तर थेट गोळीबार झाला.

सर्वांत लांबलेले प्रकरण मोहन रानडे यांचे. सांगलीचे मनोहर आपटे मोहन रानडे या नावाने गोव्यात मराठीचे शिक्षक झाले आणि आझाद गोमंतक दल या सशस्त्र संघटनेत सामील झाले. ऑक्टोबर १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरील हल्ल्यात ते जखमी होऊन पकडले गेले. २६ वर्षांची शिक्षा झाली. १९६० मध्ये त्यांना पोर्तुगालला हलवले होते; त्यामुळे १९ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय लष्करी कारवाईत गोवा सुटला, तरी रानडे लिस्बनजवळच्या काशियास किल्ल्यातच राहिले. सुटकेसाठी फडक्यांनी सतत खटपट केली. सालाझार सत्तेवरून गेल्यावर, जानेवारी १९६९ मध्ये रानडे सुटले.

पोर्तुगालने गोव्यावरचा हक्क सोडला तो तिथल्या एप्रिल १९७४ च्या क्रांतीनंतर. ३१ डिसेंबर १९७४ रोजी नवी दिल्लीत मारियू सुवारिश आणि यशवंतराव चव्हाण या परराष्ट्रमंत्र्यांनी करारावर सह्या केल्या. शत्रुत्व कागदावर संपले, हिशोब मात्र रेंगाळले. पोर्तुगीज बँकेत तारण ठेवलेले गोमंतकीयांचे दागिने १९६१ मध्ये लिस्बनला हलवले होते. ते परत यायला १९९१ उजाडले. १९९८ मध्ये वास्को द गामाच्या आगमनाची पाचशे वर्षे साजरी करण्याचा बेत निघताच गोव्यात विरोध उसळला.

उलट अनुभवही आहेत. 'शेवटपर्यंत लढा' हा सालाझारचा हुकूम न मानता शरणागती पत्करणारे अखेरचे गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्वा यांना मायदेशी बडतर्फी मिळाली. १९८० मध्ये ते गोव्यात आले तेव्हा लोकांनी त्यांचे आपुलकीने स्वागत केले. जानेवारी २०१७ मध्ये पोर्तुगालचे पंतप्रधान आंतोनियू कॉश्ता मडगावच्या आपल्या पूर्वजांच्या घरी येऊन गेले. १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना व त्यांच्या वंशजांना मिळणारा पोर्तुगीज पासपोर्ट हा समेटाचा सर्वांत रोकडा भाग. तो घेणारा भारतीय नागरिकत्व गमावतो, त्यामुळे गोव्यात त्यावरून वाद होतात.

लढ्यातल्या मोहन रानडे यांना २००१ मध्ये पद्मश्री मिळाली. २५ जून २०२० रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.