गाणगापूर रोडहून षण्मुखानंदला

1970 सालात उतरा. अफजलपूर अजून म्हैसूर राज्यात आहे. कर्नाटक हे नाव मिळायला 3 वर्षं बाकी आहेत. बुधवारी रात्री रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला, पौर्णिमेला गाणगापूरला भीमा-अमरजेच्या संगमावर सोलापूर-अक्कलकोटकडच्या मराठी माणसांची रीघ. याच दत्तभक्तांच्या गर्दीतून वाट काढत तुम्ही गाणगापूर रोडला मुंबईची गाडी पकडता.

मुंबईत षण्मुखानंद सभागृहात सिमला बीट स्पर्धा रंगलीय. सिमला म्हणजे सिगारेट. गाणं पोरांचं, पैसा तंबाखू कंपनीचा. बक्षिसासाठी थेट शिलाँगहून फेंटोन्स हा बँड आलाय. तुम्ही विंगेत घुसा. परदेशी सामान आयातीच्या बंधनांत अडकलेलं, म्हणून कुणीतरी इथंच बनवून घेतलेला अॅम्प्लिफायर गुरगुरतोय. एक जण वायरीचं टोक दातांनी सोलतोय. दुसरा पायाखालचा खटका दाबतो आणि गिटारचा स्वर फाटून करवतीसारखा कापत जातो, थांबायचं नावच घेत नाही. हेच ते सायकेडेलिक. खरं सांगायचं तर निम्मी गाणी इंग्लंड-अमेरिकेची उसनवारी. पण वाजवणारे जीव तोडून वाजवतात.

2 वर्षं पुढे सरका. कुलाब्याच्या स्लिप डिस्क या डिस्कोथेकमध्ये लेड झेपलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट इथल्याच पोरांची वाद्यं घेऊन वाजवतायत.

याच मुंबईत नंदू भेंडे भेटतात. वडील आत्माराम भेंडे, मराठी फार्सचा हुकमी माणूस. मुलगा मात्र व्हेल्व्हेट फॉग या बँडमध्ये इंग्रजी रॉक गातो. बर्मिंगहॅमच्या एका सायकेडेलिक बँडचंही हेच नाव! 1974 मध्ये अॅलेक पदमसींच्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’मध्ये येशू झाले मधुकर धस, जूडास झाले नंदू.

मला विचाराल तर खरी कमाई त्यानंतरची. 1978 मध्ये पुलंच्या ‘तीन पैशाचा तमाशा’त जब्बार पटेलांनी नंदूंना अंकुशची भूमिका दिली, आणि रॉकचा गळा मराठीत गायला लागला. सिमला बीटच्या त्या बँडांच्या रेकॉर्डी मोजक्याच निघाल्या. हे नाटक मात्र आजही लोकांच्या आठवणीत आहे.

आता अफजलपुरात परत या, 1982 मध्ये. ‘डिस्को डान्सर’मधलं कृष्णाचं गाणं कुठल्यातरी लाउडस्पीकरवर लागलेलं असेलच. गाणारे नंदू भेंडेच आहेत.